रात्री पाय स्वस्थ का बसत नाहीत?

जेवणखाण, भांडीकुंडी आटोपून तुम्ही आता जरा टेकला असाल. पण आपल्यातल्या काही जणींना टेकल्यावरच त्रास सुरू होतो. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटाची बैठक संध्याकाळी सातला असते. वसुली, कर्जाचे अर्ज, सह्या हे सगळं होईपर्यंत तासभर बसावं लागतं. मध्येच उठून गेलं तर दहा रुपये दंड, असा आमचा ठराव. गटातल्या एका वहिनी पंधरा मिनिटं झाली की चुळबुळ करायच्या, पाय लांब करायच्या, पुन्हा जवळ घ्यायच्या, आणि मग उठून पडवीत जाऊन येरझाऱ्या घालायच्या. आम्ही त्यांना एकदा नाही, तीनदा दंड लावला. चौथ्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. पाचव्यालाही नाहीत. "गटातून नाव काढा," असा निरोप मात्र आला.

तेव्हा आम्ही दोघीतिघी त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर त्या बोलत्या झाल्या. "काय सांगू बाय, बसलं की पाय आतून शिवशिवतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण हाडाच्या आत काहीतरी वळवळतं. हलवल्याशिवाय जीव राहत नाही. उठून चार पावलं चालले की बरं वाटतं. बसले की पुन्हा तेच. रात्री तर बारा-एकपर्यंत खळ्यात फिरते. पहाटे कुठे डोळा लागतो, तोवर उठायची वेळ."

हे किती वर्षं चाललं होतं, तर सहा वर्षं. घरातले म्हणत, "हिच्या पायाला भिंगरी लागली आहे." कोणी म्हणालं, बसून पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते. कोणी वात म्हणून तेल सुचवलं, कोणी बाहेरचं काही असेल म्हणून देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. वहिनींनी सगळं केलं. देवावर आमची श्रद्धा आहेच, पण या त्रासाला औषधपाणी आहे, हे त्यांना सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही ठाऊक नव्हतं.

या त्रासाला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. आपण त्याला अस्वस्थ पायांचा आजार म्हणू. हा आजार नवीन नाही. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरांनी १६७२ साली याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यांच्या रुग्णांना झोपायला आडवं होणं म्हणजे छळ वाटे. पुढे १९४५ साली स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी त्याचा नीट अभ्यास करून त्याला नाव दिलं. म्हणून काही डॉक्टर याला विलिस-एकबोम आजार असंही म्हणतात. तेव्हा ज्या ताईला हा त्रास आहे तिने मनाशी पक्कं धरावं, हे नाटक नाही, आळस नाही आणि वेडही नाही.

हा आजार ओळखायचा कसा?

यासाठी मोठं यंत्र लागत नाही. डॉक्टर चार प्रश्न विचारतात. तुम्हीही स्वतःला विचारून पाहा.

पहिला, पाय हलवावेत अशी न आवरणारी ओढ लागते का? बहुतेक वेळा सोबत पायांत, विशेषतः पोटऱ्यांत, वळवळ, ओढ, शिरशिरी किंवा मुंग्यांसारखं काहीतरी जाणवतं.

दुसरा, हे बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर सुरू होतं किंवा वाढतं का? कीर्तनाला बसलं, रात्रीच्या एसटीने मुंबईला निघालं, आजारी माणसाच्या उशाशी बसलं की त्रास होतो का?

तिसरा, उठून चाललं, पाय ताणले, चोळले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं का?

चौथा, संध्याकाळी आणि रात्री जास्त, सकाळी कमी, असं आहे का?

चारही प्रश्नांना हो असं उत्तर आलं तर हा आजार असण्याची शक्यता बरीच आहे. मग डॉक्टर पाचवी गोष्ट पाहतात, ती म्हणजे दुसऱ्या कशाने असं होत नाही ना. कारण रात्री पाय दुखण्याची आणि हलण्याची कारणं पुष्कळ असतात.

रात्रीच्या सगळ्या हालचाली एकसारख्या नसतात

दिवसभर लावणी करून पाय भरून आले, ते अंग दुखणं. त्यात ठणका असतो आणि निजलं की आराम पडतो. अस्वस्थ पायांचं उलटं, निजलं की त्रास वाढतो.

मध्यरात्री पोटरीत गोळा येतो, तो हाताला दगडासारखा कडक लागतो आणि कळ मस्तकात जाते. ते स्नायूचं आखडणं. पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढला की तो सुटतो.

मधुमेहात नसांना इजा झाली तर तळव्यांची आग होते, पाय बधिर होतात. चाललं तरी त्यात फरक पडत नाही, आणि दिवसाही ते असतं.

झोप लागता लागता उंचावरून पडल्यासारखा दचका बसतो आणि अंग झटकन उडतं. हे जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी होतं. त्यात काळजीचं कारण नाही. फार दमलं, जागरण झालं, चहा जास्त झाला की ते वाढतं.

आता एक वेगळी गोष्ट, जी स्वतःला कळत नाही, शेजारी निजणाऱ्याला कळते. गाढ झोपेत पाय आपोआप झटका देतो. अंगठा वर उचलला जातो, घोटा वळतो, कधी गुडघाही दुमडतो. वीस-चाळीस सेकंद गेले की पुन्हा तसंच, असं ठरावीक अंतराने कितीतरी वेळ चालतं. यावर आपला ताबा नसतो. अस्वस्थ पायांचा आजार असलेल्या दर दहापैकी आठांना झोपेत असे झटके येतात. दोन्हींतला फरक असा, की अस्वस्थ पायांत आपण जागे असतो आणि राहवत नाही म्हणून पाय हलवतो. झोपेतल्या झटक्यांत पाय आपला आपण हलतो. झटक्यांनी झोप पुन्हा पुन्हा मोडते, आणि आठ तास निजूनही सकाळी अंग जड राहतं. नवरा म्हणत असेल, "रात्रभर लाथा मारतेस," तर ते हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना सांगा.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढायला हव्यात. घरातलं वयस्क माणूस, बहुधा पुरुष, झोपेत ओरडतं, मारामारी केल्यासारखे हातपाय झाडतं, खाटेवरून खाली पडतं आणि उठल्यावर "कोणीतरी अंगावर आलं होतं" असं स्वप्न सांगतं, हा निराळा झोपेचा आजार आहे. काही जणांत पुढे बऱ्याच वर्षांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार दिसू शकतो. त्यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं, आणि तोवर खाटेजवळून कोयता, काठी, कंदील दूर ठेवावं. दुसरं, झोपेत अंग ताठ होऊन झटके येणं, जीभ चावली जाणं, कपड्यांत लघवी होणं, हलवून जाग न येणं, ही फिटची लक्षणं आहेत. त्यात थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

पायांचा आजार, पण मूळ डोक्यात आणि रक्तात

आता मुख्य गोष्ट. हा त्रास पायांत जाणवतो, पण बिघाड पायांत नसतो. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. अंगाच्या हालचालींना ताळ्यावर ठेवणं हे त्याचं एक काम. ते तयार व्हायला मेंदूला लोह लागतं. मेंदूतलं लोह कमी पडलं की डोपामिनचं गणित बिघडतं. त्यातून संध्याकाळनंतर डोपामिनचं काम तसंही मंदावतं, म्हणून त्रास रात्रीचा.

लोह म्हटलं की आपल्याला हिमोग्लोबिन आठवतं. आशाताई बोट टोचून तपासतात तेच. पण इथेच बऱ्याच जणींची फसगत होते. ती कशी, हे आपल्या गटाच्या हिशेबावरून समजून घेऊ.

समजा गटाच्या पेटीत आज दोन हजार रोकड आहे. बैठकीत सगळ्यांना ती दिसते, वाटतं पैसा आहे. पण पासबुक उघडलं तर शिल्लक दीडशे रुपये. पेटीत रोकड दिसते, कारण बँकेतलं काढून काढून पेटी भरली. हिमोग्लोबिन म्हणजे पेटीतली रोकड. शरीराच्या साठ्यातलं लोह म्हणजे पासबुकातली शिल्लक. शरीर आधी साठा रिकामा करतं आणि रक्ताचा गाडा ओढत राहतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक किंवा थोडंसंच कमी असतं आणि साठा मात्र तळाला गेलेला असतो. तो साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचं नाव आहे फेरिटिन. हे नाव कागदावर लिहून ठेवा. फे-रि-टिन.

आमच्या वहिनींचं असंच झालं. त्यांचं हिमोग्लोबिन ११.६ होतं. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ हवं, म्हणजे फार कमी नव्हतं. "थोडं कमी आहे, पालेभाजी खा," यावर विषय संपायचा. या वेळी डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. ते निघालं ११. साधारणपणे १५ च्या खाली गेलं तर शरीरातलं लोह संपत आलं असं धरतात. आणि अस्वस्थ पायांच्या आजारात तर फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. म्हणून अहवालावर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी आकडा किती आहे ते विचारावं. आणखी एक, अंगात ताप किंवा सूज असली तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून आजारपण सरल्यावर तपासणी करावी.

डॉक्टरांनी मग पुढचा प्रश्न विचारला, जो आम्हीही कधी विचारला नव्हता. "पाळी किती दिवस जाते?" वहिनींची पाळी आठ-नऊ दिवस जायची, घड्या पडायच्या. चाळिशीनंतर असंच असतं, असं समजून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पासबुकातली शिल्लक तिथून जात होती.

हा त्रास बायकांनाच जास्त का?

पुरुषांच्या साधारण दुप्पट बायकांना हा आजार होतो. पाळीत दर महिन्याला लोह जातं. बाळंतपणात जातं. गरोदरपणात पोटातलं बाळ आईच्या साठ्यातून आपला वाटा घेतं. म्हणून गरोदर बायकांत पाचातल्या एकीला हा त्रास होतो, तोही बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत. बऱ्याच जणींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कमी होतो. सून किंवा लेक सातव्या-आठव्या महिन्यात रात्री उठून फिरत असेल तर "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असं म्हणू नका. तिला तपासणीला घेऊन जा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे वीस जणींच्या गटात दहा-अकरा जणी. सगळ्यांचे पाय शिवशिवत नाहीत हे खरं. पण ज्यांचे शिवशिवतात त्यांनी रक्त पाहिलंच पाहिजे.

कारणं आणखीही आहेत. हा आजार घराण्यात चालतो. आमच्या वहिनींना आठवलं, की त्यांची आई जुन्या लुगड्याची पट्टी पोटऱ्यांना आवळून बांधून झोपायची आणि मुलांना पायांवर उभं करून पाय तुडवून घ्यायची. २००७ साली शास्त्रज्ञांना या आजाराशी संबंध असलेली काही जनुकं सापडली आहेत. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांना हा त्रास बराच होतो. लहान मुलांनाही होतो. मूल रात्री "पाय कसेतरी होतात" म्हणतं आणि शाळेत एका जागी बसत नाही, त्याला ओरडण्याआधी हेही डोक्यात असू द्या. अंकुशकृमी हा आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत घाण झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायांवाटे अंगात शिरतो. आपण पावसाळाभर चिखलात असतो. म्हणून शौचालयाचा वापर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताची गोळी, दोन्ही हवीत.

दवाखान्यात काय सांगायचं, काय विचारायचं?

"पाय दुखतात" एवढंच सांगितलं तर दुखण्याची गोळी मिळते. म्हणून नीट सांगा, "डॉक्टर, रात्री बसलं किंवा निजलं की पाय हलवावेसे वाटतात, चाललं की बरं वाटतं, झोप होत नाही." हे एक वाक्य पाठ करा. पाळी किती दिवस जाते, मूळव्याधीतून रक्त जातं का, शौचाला डांबरासारखी काळी होते का, हेही न लाजता सांगा. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. फेरिटिनची तपासणी सगळीकडे होतेच असं नाही. ती कुठे होईल हे तिथेच विचारा. पुढे दाखवायची गरज पडली तर आपल्या जिल्ह्यात दापोली, कळंबणी आणि कामथ्याची उपजिल्हा रुग्णालयं आहेत, रत्नागिरीला जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. गरोदर बायकांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. त्या दिवशी हे आवर्जून विचारा.

लोह घ्यायचं कसं?

सरकारकडून गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. किती जणींच्या फडताळात त्या गोळ्या तशाच पडून असतात, हे आपल्याला माहीत आहे. मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून सोडून देतात. या गोळीने शौचाला काळसर होणं साहजिक आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि भाजी वाढवा. तरी सोसत नसेल तर बंद करण्याआधी सिस्टरना विचारा, गोळी बदलता येते.

लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. म्हणून जेवणावर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ द्या. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगलं शोषलं जातं.

आपल्या कोकणात लोहाचं खाणं दारात आहे. बांगडा, तारली, सुकट, खाडीतल्या तिसऱ्या, हे मासेखाऊंसाठी. शाकाहारी जणींसाठी कुळथाची पिठी, मोड आलेली मटकी, काळे वाटाणे, शेवग्याचा पाला, पावसात उगवणारा टाकळा. वर लिंबू पिळा. पण साठा पार तळाला गेला असेल तर नुसत्या खाण्याने तो लवकर भरत नाही. तिथे औषध लागतं, कधी शिरेतून लोह द्यावं लागतं.

आणि उलटही सांगतो. तपासणीशिवाय महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाऊ नका. थॅलेसिमियासारख्या रक्ताच्या आजारांत जास्त लोह घातक ठरतं. या लाल गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. खाऊ समजून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

त्रास वाढवणाऱ्या गोळ्या

वहिनींनी झोप येत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून सर्दीची, गुंगी आणणारी गोळी आणून खाल्ली होती. त्या रात्री पाय जास्तच शिवशिवले. सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या, यांनी हा त्रास वाढू शकतो. पण मनाच्या आजाराची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

लोह भरूनही त्रास राहिला तर या आजारावर वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरच ठरवतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या गोळ्या आता आधी दिल्या जातात. गरोदरपणात त्या आपल्या मनाने कधीच घेऊ नयेत. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी सुरुवातीला छान वाटतं, पण वर्षानुवर्षं घेतल्या तर काही जणांत त्रास दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो. तेव्हा शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घ्यायची नाही.

घरी काय करता येईल?

निजण्याआधी पोटऱ्या ताणा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, अर्धा मिनिट. मग दुसरा पाय. कोमट पाण्यात पाय बुडवून बसा. काहींना गार पाण्याने बरं वाटतं, आपल्याला काय मानवतं ते पाहा. मधुमेह असेल तर पाणी आधी दुसऱ्या कोणाला हात लावून पाहायला सांगा. तेल लावून पोटऱ्या चोळल्या तर आराम पडतो, पण फडकं आवळून बांधू नका, रक्त अडतं. निजायची आणि उठायची वेळ एकच ठेवा.

दुपारनंतरचा चहा कमी करा. आणि मिश्री. हे सांगणं जड जातं, कारण आपल्यातल्या कितीजणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती झोप उडवते, आणि तिचे बाकीचे तोटे आपण मागे बोललो आहोत. निदान रात्रीची तरी सोडायला लागा.

बसावंच लागलं तर हाताला आणि डोक्याला काम द्या. वाती वळणं, गजरा करणं, विणकाम, हिशेब. मन गुंतलं की ओढ कमी जाणवते. एसटीत कडेची जागा घ्या, म्हणजे पाय मोकळे करता येतात.

गटाने काय करायचं?

वहिनींचं पुढे काय झालं ते सांगतो. पाळीवर उपचार झाले, लोह सुरू झालं. आठ दिवसांत जादू झाली नाही. पासबुकातली शिल्लक एका हप्त्यात भरत नाही. तीन महिने गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता अकराला झोप लागते." अजूनही अधूनमधून एखादी रात्र वाईट जाते. पण आता त्यांना कारण ठाऊक आहे, आणि घरात कोणी भिंगरी म्हणत नाही. सासूबाईच रात्री तेलाची वाटी पुढे करतात.

आम्ही तीन वेळचा तीस रुपये दंड त्यांना परत केला. पैसे थोडे, पण परत करताना आमच्या माना खाली होत्या. ठरावही बदलला. बैठकीत कोणाला उभं राहावंसं वाटलं, फिरून यावंसं वाटलं, तर तिने विचारायचीही गरज नाही. तो ठराव वाचून झाल्यावर गटातल्या आणखी दोघी हळूच म्हणाल्या, "ताई, मलापण तसंच होतं." इतकी वर्षं त्या मुकाट्याने बसून सोसत होत्या.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत पाचच मिनिटं काढा. ते चार प्रश्न मोठ्याने वाचा. कोणाचा हात वर आला तर हसू नका. आशाताईंना बोलवा, हिमोग्लोबिन तपासा, आणि डॉक्टरांकडे जाताना तिच्यासोबत एकीने जा. एकटी बाई "काही नाही, जरा पाय हलतात" म्हणून परत येते. सोबत कोणी असलं की सगळं सांगून येते.

आजच्यापुरतं इतकंच. शांत झोप लागो. नमस्कार.